दर उन्हाळ्यात एसीत गॅस का भरावा लागतो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अकोल्यातले एक निवृत्त गृहस्थ लिहितात. घरी दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, २०१३ साली घेतलेला. आईचं वय ऐंशीच्या पुढे, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत तो लागतोच. गेले तीन उन्हाळे तोच अनुभव. एप्रिल उजाडला की गारवा कमी होतो, मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो आणि भरून जातो. मागच्या खेपेला तो म्हणाला, “हा आर-२२ आता महाग झाला, पुढे मिळणारही नाही. येत्या सीझनला ग्रीन गॅस टाकू. एसी तोच राहील, बिलही कमी येईल.” पुण्यात शिकणाऱ्या लेकीचं म्हणणं, हा एसी ओझोनच्या थराला भोक पाडतोय, काढून टाका आणि ओझोन-फ्रेंडली घ्या. जुना एसी न्यायला भाचा तयार आहे. उन्हाळा तोंडावर आला, काय करावं?

नमस्कार,

मेकॅनिक, लेक आणि तुम्ही, तिघांची मतं वेगळी दिसतात, पण मुळाशी समजूत एकच आहे: एसी चालला की त्यातला गॅस खर्ची पडतो. तसं होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर (आउटडोअरची कॉइल), कॅपिलरी (दाब उतरवणारी अगदी बारीक नळी), इनडोअर कॉइल आणि परत कॉम्प्रेसर अशा बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, कधी द्रव होऊन, कधी वाफ होऊन. तो जळत नाही, झिजत नाही. जोड चांगले बसले असतील तर कारखान्यातून आलेल्या गॅसवरच एसीचं आयुष्य निघतं. तुमच्याकडे दरवर्षी भरावा लागतोय याचा अर्थ एवढाच, की नळीला कुठेतरी छिद्र आहे आणि तीन वर्षांत भरलेला गॅस अकोल्याच्या हवेत गेला. पंक्चर न काढता सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत राहावं, तसं चाललंय. फक्त इथली हवा विकतची आहे.

लेकीचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या एसीत जो गॅस आहे, त्या आर-२२ मध्ये क्लोरीन असतो. गळालेला रेणू स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेत, पोचला की अतिनील किरणांनी फुटतो आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो अणू निष्प्रभ होईपर्यंत ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. क्लोरीनयुक्त वायूंचा हा धोका मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला, अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट १९८५ मध्ये जाहीर झाली, आणि असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार १६ सप्टेंबर १९८७ ला झाला. मात्र या प्रकरणात आर-२२ हा दुय्यम आरोपी. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ ची ओझोन नासवण्याची ताकद १ धरली, तर आर-२२ ची भरते ०.०५५, म्हणजे जेमतेम अठरावा हिस्सा. आणि नळीत बंद आहे तोवर त्याचा ओझोनला काडीचाही उपद्रव नाही. एसी चालवल्याने ओझोन जात नाही, गॅस सुटू दिल्याने जातो.

लेकीच्या बोलण्यात तापमानवाढीचा मुद्दा आलेला नाही, आणि तुमच्या बाबतीत तोच मोठा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ हवेत गेला तर तो १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. समजा, तुमचा मेकॅनिक वर्षाला ७०० ग्रॅम भरतो. म्हणजे सव्वा टन. आता वीज धरा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० रात्री, रात्री आठ तास एसी, त्यात सहा तास कॉम्प्रेसर, जुन्या दीड टनी यंत्राचे १.७ किलोवॅट. झाले सुमारे ९०० युनिट. आपल्याकडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ६३० किलो. अख्ख्या उन्हाळ्याच्या विजेपेक्षा नुसती गळती दुप्पट! तेव्हा आईंच्या खोलीतला एसी तास-दोन तास आधी बंद करून फार काही साधणार नाही. छिद्र बुजवल्याने साधेल.

आता मेकॅनिकच्या ‘ग्रीन गॅस’कडे वळू. आर-२२ मिळेनासा होणार हे तो खरं सांगतोय. माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांना या गटातल्या वायूंचा वापर २०२५ पासून ६७.५ टक्क्यांनी घटवायचा आहे, २०३० पासून जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी किरकोळ वाटा उरेल, तोही २०४० पर्यंत. पण ‘ग्रीन गॅस’ हे कुठल्याही गॅसचं नाव नाही. बाटलीत काय आहे ते विचारा आणि बाटलीवरचा आर-क्रमांक स्वतः वाचा. रंगावर जाऊ नका, रंगांचे जुने संकेत आता पाळले जातातच असं नाही.

तो आर-४१०ए म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, तुमचा कॉम्प्रेसर आणि कॉइल त्यासाठी बनलेले नाहीत, आणि जुन्या यंत्रातलं खनिज तेल त्या गॅसबरोबर नीट फिरत नाही. तेल कॉइलमध्ये अडकतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जाम होतो. दुकानात ‘ग्रीन’ म्हणून खपलेला हा गॅस ओझोनला अपाय करत नाही हे खरं, पण तापमानवाढीचा त्याचा आकडा (एका किलोमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, तो) २०८८ आहे, आर-२२ च्या १८१० पेक्षाही वरचा. आर-४०७सी हा आर-२२ च्या जागी चालवता येतो, पण खनिज तेल काढून पॉलिओल एस्टर तेल घालावं लागतं. एवढा खटाटोप बारा वर्षांच्या घरगुती एसीसाठी कुणी करू नये.

बहुधा मात्र त्याच्या मनात हायड्रोकार्बन असणार: प्रोपेन, म्हणजे आर-२९०, किंवा प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण. आर-२२ च्या यंत्रात तो घातला तर थंडावा येतो, अँपिअर कमी दिसतात, तेल बदलावं लागत नाही. म्हणूनच तो मेकॅनिक मंडळींचा लाडका आहे. वायू म्हणून तो खरंच चांगला. तापमानवाढीचा आकडा ३ च्या आसपास, ओझोनला शून्य अपाय. हरकत आहे ती यंत्राला. तुमच्या एसीतले रिले, कॉन्टॅक्टर, जोडण्या ज्वालाग्राही वायू गृहीत धरून बनवलेल्या नाहीत. हिशेब करून पाहा. १.२ किलो आर-२२ च्या जागी साधारण अर्धा किलो प्रोपेन बसतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. गळालेला अर्धा किलो खोलीभर सारखा पसरला तर घनमीटरला १५ ग्रॅम, आणि प्रोपेन पेट घेतो ३८ ग्रॅमला. इथवर निर्धोक वाटतं. पण प्रोपेन हवेपेक्षा जड. दारं-खिडक्या बंद खोलीत तो खालच्या तिसऱ्या हिश्शात साचला, तर तिथे ४४ ग्रॅम होतात, आणि पलंग त्याच उंचीवर असतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, शीतकरणाच्या प्रोपेनला सहसा नसतो. आधीच गळणाऱ्या यंत्रात, वृद्ध माणसाच्या खोलीत, वास नसलेला ज्वालाग्राही वायू: याला पर्यावरणाचं नाव देऊन कुणी गळी उतरवत असेल तर उतरवून घेऊ नका. काही जण घरगुती सिलिंडरचाच गॅस भरतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

भेसळीचाही धोका आहे. २०११ मध्ये व्हिएतनामशी संबंध असलेल्या काही शीतकंटेनरांत (माल गार ठेवणाऱ्या जहाजी कंटेनरांत) आर-१३४ए या गॅसच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला होता. यंत्रातल्या ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन कॉम्प्रेसर फुटले, माणसं दगावली. बिनलेबलाची बाटली स्वस्त का असते, हे यावरून ध्यानात यावं.

मग करायचं काय? आधी खात्री करा की गॅसच कमी आहे. विदर्भातल्या धुळीत आउटडोअरची जाळी भरते, ४४ अंशांत कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो, कपॅसिटर बसतो, आणि या सगळ्यावर ‘गॅस भरा’ हेच औषध सांगितलं जातं. फिल्टर आणि दोन्ही कॉइल धुऊन घ्या, मग एसी वीस मिनिटं चालवून आउटडोअरपाशी पाइप पाहा. बारीक पाइपवर बर्फ आणि जाड पाइप कोमट असेल, तर गॅस कमी असण्याचीच शक्यता जास्त. जाड पाइपवरही बर्फ आणि इनडोअर कॉइल पूर्ण गोठलेली असेल, तर संशय आधी तुंबलेल्या फिल्टरवर किंवा ब्लोअरवर घ्या.

गळती शोधायला घरच्या घरी एक गोष्ट करता येते. गॅसबरोबर तेलही झिरपतं, त्यामुळे गळत्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसतो. आउटडोअरच्या दोन फ्लेअर नटांवर (पाइपचं पसरट केलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारे नट) आणि पिन वॉल्ववर (गॅस भरायच्या तोंडावर) बघा. जागेवर बसवलेल्या स्प्लिट एसीत पहिले संशयित हेच. एसी बंद ठेवून तिथे शाम्पूचा दाट फेस लावा. बंद का? चालू यंत्रात आर-२२ च्या जाड पाइपमध्ये चौरस इंचाला साठ-सत्तर पौंडांचाच दाब असतो, बंद यंत्रात तो दुपटीहून वर जातो, त्यामुळे बुडबुडा लवकर दिसतो. पिन वॉल्वच्या टोपीतलं रबर गेलेलं असणं ही दहा मिनिटांत सुटणारी गोष्ट आहे, आणि तिच्यापायी वर्षानुवर्षं गॅस भरला जातो.

तिथे काही सापडलं नाही, तर पुढचं काम मेकॅनिकचं. तेव्हा समोर उभं राहा. उरलासुरला गॅस हवेत सोडू देऊ नका. रिकव्हरी मशीनने वेगळ्या बाटलीत काढायला सांगा. अकोल्यासारख्या गावात छोट्या मेकॅनिककडे ते मशीन नसेल, पण कंपनीच्या सेवा केंद्राकडे किंवा कोल्ड स्टोरेजची कामं करणाऱ्यांकडे विचारलं तर सापडू शकेल. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन ३०० पौंडांपर्यंत भरायचा, सगळ्या जोडांवर फेस लावायचा आणि शक्य तर रात्रभर दाब ठेवून बघायचा. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक असेल तर तीनशेतले पंधरा पौंड नुसत्या गारव्याने उतरतात, ती गळती नव्हे. त्याहून जास्त उतरले, तर शोध चालू ठेवायचा. नायट्रोजन नाही म्हणून कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन आणला तर त्याला दारातूनच परत पाठवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो.

गळती बुजल्यावर व्हॅक्यूम पंप. पाच मिनिटं ‘हवा काढणं’ म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. अर्धा-पाऊण तास पंप चालवून व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजवर ५०० मायक्रॉनपर्यंत खाली आणायचं, पंप बंद करून दहा मिनिटं आकडा टिकतो का ते पाहायचं. आत ओलावा राहिला तर कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होऊन ती तुंबते. शेवटी गॅस, तोही वजनकाट्यावर मोजून, आउटडोअरच्या नेमप्लेटवर लिहिलाय तितकाच. गेजचा काटा पासष्ट पौंडांवर आला की बाटली बंद करायची सवय बहुतेकांना असते. पण कॅपिलरीच्या एसीत तो आकडा बाहेरच्या हवेबरोबर हलतो. सकाळी ३० अंशांत पासष्ट आणि दुपारी ४३ अंशांत पासष्ट, यातला गॅस सारखा नसतो.

निर्णय आता गळती कुठे निघते त्यावर. नट, वॉल्व किंवा दिसणाऱ्या पाइपमध्ये निघाली, तर दुरुस्त करा, आर-२२ च भरा आणि अजून काही उन्हाळे एसी वापरा. चालू यंत्र पर्यावरणाच्या नावाखाली भंगारात घालायची घाई नको. इनडोअर कॉइलमध्ये बारीक छिद्रं निघाली, तर मात्र थांबा. तांब्याला आतून मुंग्यांच्या वारुळासारखी पोखरणारी एक गंज असते. घरातल्या हवेतली सौम्य आम्लं तिला कारण होतात, आणि एक छिद्र बुजवलं की शेजारी दुसरं तयार असतं. कोकणात समुद्राकाठी हाच त्रास आउटडोअरला खाऱ्या हवेने होतो. अशा वेळी २०१३ च्या यंत्रात नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवा घेताना ‘ओझोन-फ्रेंडली’ स्टिकरकडे बघूच नका, आजच्या नव्या एसीत तो सगळ्यांनाच लागू आहे. बघायचं ते गॅसचं नाव आणि बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) तारांकित लेबलवरचे वार्षिक युनिट. तो आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, त्यामुळे दोन मॉडेलं शेजारी ठेवून सरळ तुलना होते. आर-३२ चा तापमानवाढीचा आकडा ६७५, म्हणजे आर-४१०ए च्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तो सौम्य ज्वालाग्राही आहे, पण यंत्र त्यासाठीच बनलेलं असतं. आर-२९० साठीच बनवलेले एसीही भारतात आहेत; गोदरेजने ते २०१२ मध्ये आणले. त्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस असतो आणि विजेच्या जोडण्या ठिणगी पडू नये अशा केलेल्या असतात. वर ज्याला मी नको म्हटलं तोच वायू इथे चालतो, कारण यंत्र त्याचं आहे. तुमच्या गावात कंपनीचा प्रशिक्षित माणूस मिळत असेल तर जरूर विचार करा, नाहीतर आर-३२ चा पाचतारांकित इन्व्हर्टर घ्या. जुन्या यंत्राच्या मानाने विजेची साधारण तिसऱ्या हिश्शाने बचत होईल.

बसवताना पैसे वाचवायला जुने तांब्याचे पाइप ठेवू नका, त्यात खनिज तेल आणि मळ असतो. फ्लेअर नट पान्याच्या अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने आवळायला सांगा: पाव इंचीला १५ ते १७ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला ५० ते ६०. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरते आणि वर्षभराने गळतो. आउटडोअरमधलाच गॅस सोडून पाइपातली हवा हाकलण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. तीही होऊ देऊ नका, इथेही व्हॅक्यूम पंपच हवा.

भाच्याबद्दल स्पष्ट लिहितो. गळका एसी त्याला दिलात तर गळती बंद होत नाही, तिचा पत्ता बदलतो. आणि तोही दर एप्रिलला गॅस भरणार. दुरुस्त झालेला असेल तर खुशाल द्या. एरवी एसी हलवताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन वॉल्व बंद करतात, त्याला पंप डाउन म्हणतात, आणि तेच योग्य. पण गळणाऱ्या यंत्रावर ते करायचं नाही. कॉम्प्रेसर छिद्रातून हवा आत ओढतो, दाबाखाली हवा आणि तेलाचं मिश्रण तापतं आणि आउटडोअर फुटू शकतं. अशा वेळी रिकव्हरी मशीन हाच मार्ग. भंगारवाल्याला दिलात तर तो पहिल्यांदा पाइप कापेल. त्याऐवजी नव्या एसीच्या कंपनीकडे परत घेण्याची मागणी करा; ई-कचरा नियम, २०२२ मध्ये एसी आणि फ्रिज दोन्ही येतात, आणि ते अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

एसी बंदच ठेवावा, असं कुणी सुचवलं तर आईंच्या खोलीपुरतं ते मान्य करू नका. पंचेचाळीस अंशांत ऐंशी वर्षांच्या शरीराला घामाने स्वतःला गार ठेवणं जमत नाही. उरलेल्या घरासाठी मात्र कूलर आहेच. अकोल्याची मे महिन्यातली कोरडी हवा चांगल्या पॅडमधून तिशीच्या आसपास खाली येते, खिडकी उघडी ठेवली तर. एसी आणि कूलर एका खोलीत कधी लावू नका, कूलरचा दमटपणा काढण्यातच एसीची वीज जाते. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण रिकामं करा, डासांसाठी. आईंच्या खोलीत २६ अंश आणि छताचा पंखा हळू, एवढ्यावर बहुतेक रात्री निभतात.

असाच प्रश्न फ्रिज आणि गाडीबद्दल पडणाऱ्यांसाठी दोन ओळी. अलीकडच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो, जेमतेम पन्नास ग्रॅमच्या घरात. त्यात आर-१३४ए भरून ‘चालतं’ म्हणणाऱ्याला परत बोलावू नका. आर-१३४ए च्या गाडीत होज आणि शाफ्टच्या सीलमधून थोडं झिरपतं, पण दर उन्हाळ्यात भरावं लागत असेल तर तिथेही गळतीच आहे.

तपासणी फेब्रुवारीतच उरकून घ्या. एप्रिल लागला की अकोल्यातल्या कुठल्याच मेकॅनिकला रात्रभर दाब ठेवून बघायला सवड नसते, आणि तुम्हालाही तोवर थांबणं जमणार नाही. नायट्रोजन, रिकव्हरी आणि वजनकाटा, तीनही गोष्टी आहेत का ते फोनवरच विचारा. नेमप्लेटचा फोटो काढून त्याला आधीच पाठवा, म्हणजे किती ग्रॅम भरायचा यावर जागेवर वाद होणार नाही.